पाव किलो भेंडी मागायला शिकली, त्याची गोष्ट

जून 2023 मध्ये पंधरा-वीस दिवसांत आमचं घर रिकामं झालं. मुलीला पुण्यात जॉब लागला, मुलगा हॉस्टेलला गेला, ह्यांची बदली चंद्रपूरला झाली आणि सासूबाई म्हणाल्या, तू दिवसभर ऑफिसात, मी इथे भिंतींशी काय बोलू, म्हणून त्या धाकट्या दिरांकडे अमरावतीला गेल्या. नागपूरला गोपाल नगरच्या घरात मी एकटी उरली. वय 51, नोकरी एका कॉलेजच्या अकाउंट्समध्ये, सकाळी साडेदहा ते साडेपाच, मार्चमध्ये आणि ऑडिटच्या दिवसांत सात-साडेसातही होतात. सत्तावीस वर्षं पाच माणसांचा स्वयंपाक केला होता, त्यामुळे एकीचा स्वयंपाक म्हणजे काही करायचंच नाही असं मला वाटलं होतं. तसं नसतं. एकट्याचा बाजार आणि एकट्याचा स्वयंपाक हे वेगळंच काम आहे आणि मला ते नव्याने शिकावं लागलं, जवळजवळ वर्ष गेलं त्यात. माझ्यासारख्या बऱ्याच जणी असतील आणि पहिल्यांदा नोकरीला बाहेर पडलेली मुलंमुलीपण असतील, म्हणून सविस्तर लिहून राहिली आहे.

पहिले पाच-सहा रविवार मी नेहमीसारखीच गोकुळपेठ मार्केटला गेली, अ‍ॅक्टिव्हाच्या पुढे एक आणि हुकला एक अशा दोन पिशव्या भरून आणल्या, अर्धा किलो भेंडी, अर्धा किलो वांगे, एक पत्ताकोबी, किलोभर टमाटर, मेथीची जुडी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर. कमी घ्यायचं हे डोक्यात असायचं पण हाताला माहीत नव्हतं, भाजीवालीने तराजूत टाकलं की तो ढीग डोळ्याला बरोबर दिसायचा कारण डोळ्याला पाच जणांचीच सवय. आणि मग गुरुवारी फ्रिज उघडला की खालच्या ड्रॉवरमधून तो वास. सांबाराची जुडी प्लास्टिकच्या थैलीत तशीच ठेवलेली, वरून हिरवी दिसते, हातात घेतली की मधल्या काड्या काळ्या आणि चिकट, बोटाला लागतात आणि साबणाने धुतलं तरी वास जात नाही. तो जुलै आठवत असेल तुम्हाला, टमाटर शंभराच्या वर गेले होते, लोक टमाटरशिवाय भाज्या करून राहिले होते, आणि मी त्याच महिन्यात सहा टमाटर सडवून फेकले. मला त्या दिवशी खूप वाईट वाटलं, पैशाचं वाटलंच, पण त्याहून जास्त हे वाटलं की मला माझं स्वतःचं पोट किती आहे हेच माहीत नाही.

मग डबा लावून पाहिला, एका मेसचा. वीस दिवस खाल्ला. नाव घेत नाही, त्यांचं त्यांच्या जागी बरोबरच असेल, पण रोज तोच लाल रस्सा, वर तेल, आणि मला ॲसिडिटी. डबा बंद केला आणि मग जे एकट्या माणसाचं होतं तेच झालं, संध्याकाळी येऊन चहा-टोस्ट, एखाद्या दिवशी चौकातले तर्री पोहे घरी आणायचे आणि तेच जेवण समजायचं. तर्री पोहे मला आवडतात, पण ते सकाळचं खाणं आहे, रात्री नऊ वाजता चण्याची झणझणीत तर्री पोटात गेली की दोन वाजेपर्यंत झोप नाही.

ऑगस्टमध्ये मी एक तक्ता केला, सोमवार ते रविवार, दोन वेळचं, फ्रिजवर मॅग्नेटने लावला. इंटरनेटवर सगळे हेच सांगतात. तो तक्ता बुधवारी मोडायचा. कारण बुधवारी उशीर झाला की त्या दिवशीची भेंडी राहून जायची, गुरुवारी गुरुवारचं करायचं का बुधवारचं हा प्रश्न, आणि असं करत शनिवारपर्यंत तीन भाज्या मागे साचायच्या. घरात पाच माणसं असतात तेव्हा तक्ता मोडत नाही, कारण काहीही झालं तरी कोणी ना कोणी भुकेलं असतंच, स्वयंपाक करावाच लागतो. एकट्याला मात्र न करण्याची सोय असते.

म्हणून तक्ता काढून टाकला आणि उलटं केलं. दोन आठवडे काहीच प्लॅन केलं नाही, फक्त एका जुन्या डायरीत लिहिलं, काय आणलं, काय खाल्लं, काय फेकलं. फेकायच्या आधी किचनच्या वजनकाट्यावर ठेवायची. माझं कामच हिशेबाचं आहे, त्यामुळे हे जमलं. दोन आठवड्यांत साडेआठ किलो भाजी आणली होती आणि जवळजवळ तीन किलो फेकली होती. आणि चौदा संध्याकाळींपैकी मी नीट पोळी-भाजी केली होती फक्त सहा वेळा. हा सहाचा आकडा पाहिला आणि एकदम मोकळं वाटलं. म्हणजे मला आठवड्याला सात भाज्या नकोच आहेत, तीन पाहिजेत, फार तर चार. बाकीच्या दिवशी खिचडी, झुणका, फोडणीचं वरण, हेच मी खाते आणि आवडीने खाते.

तेव्हापासून मी वार लिहीतच नाही, आधी काय खराब होतं तो क्रम लिहिते. पालेभाजी आणि सांबार रविवार-सोमवार, त्याच्या पुढे नाही. भेंडी, गवार, दोडके, ढेमसे मंगळवार-बुधवारपर्यंत. वांगे जरा थांबतात. आणि आठवड्याच्या शेवटाला पत्ताकोबी, कोहळं, आलू, नाहीतर मोड आलेले मूग. मूग मंगळवारी रात्री भिजवायचे, बुधवारी सकाळी उपसून फडक्यात बांधायचे, गुरुवारी तयार. एखाद्या दिवशी उशीर झाला तर क्रम तसाच एक घर पुढे सरकतो, मोडत नाही. सांबाराचंही कळलं, आणल्यावर धुवायचं नाही, मुळं कापायची, पिवळी पानं काढायची, सुती फडक्यात सैल गुंडाळून डब्यात ठेवायचं, थंडीच्या दिवसांत आठ-दहा दिवस राहते. आलू आणि कांदे एकाच टोपलीत ठेवायची माझी वर्षानुवर्षांची सवय होती, तीपण सोडली, एकत्र ठेवले की आलूला लवकर कोंब येतात म्हणतात, पाच माणसांच्या घरात ते दिसत नव्हतं कारण आलू आठवडाभर टिकतच नव्हते.

आता मापाचं सांगते, कारण खरी अडचण तिथे होती. पाच जणांचं जे लागतं त्याला पाचने भागलं की एकाचं निघतं असं नाही. माझ्या पाच लिटरच्या कुकरमध्ये मूठभर तुरीची डाळ लावली तर ती तळाला पसरते, वर पाणी जास्त होतं, नाहीतर करपते. फोडणीला तेल भागून घेतलं तर मोहरीच बुडत नाही. शेवटी दोन लिटरचा छोटा कुकर घेतला, सीताबर्डीच्या बाजारातून, आणि मला वाटतं या सगळ्यात मी केलेला तो सगळ्यात चांगला खर्च. त्यात दोन भांडी एकावर एक बसतात, खाली डाळ, वर तांदूळ. डाळ एका वेळी शंभर ग्रॅम, म्हणजे माझ्या वाटीने पाऊण वाटी, आधी अर्धा तास भिजवायची. ती दोन वेळची होते. पहिल्या दिवशी साधं वरण, लिंबू, तूप. दुसऱ्या दिवशी त्यातच पालक नाहीतर चिंच-गूळ टाकून लसणाची फोडणी. भात मात्र त्या वेळेपुरताच, पाऊण मूठ तांदूळ, उरलाच तर लगेच फ्रिजमध्ये आणि सकाळी फोडणीचा. भात रात्रभर ओट्यावर ठेवायचा नाही, वास आला नाही तरी पोट बिघडू शकतं, आणि आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यात तर संध्याकाळपर्यंतच तार सुटते.

पोळ्यांचा हिशेब सोपा निघाला. किलोभर कणकेच्या माझ्या हाताने 32 ते 35 पोळ्या होतात. रोजच्या चार धरल्या तर महिन्याला साडेतीन-चार किलो कणीक. आधी आमच्याकडे वीस किलो जायची. आता चार किलो गहू घेऊन चक्कीवर गेली तर चक्कीवाले दादा म्हणाले, "ताई, एवढं कमी दळलं तर दुसऱ्याचं मिसळते, मग म्हणू नका." खरंच होतं ते, पहिल्या वेळी माझ्या कणकेत कोणाची तरी ज्वारी आली आणि पोळ्या तव्यावर चिरल्या. मग त्यांनीच सांगितलं की कोणाचं गव्हाचं दळण निघालं की त्याच्या मागे लावत जा. आता मी डब्बा ठेवून येते, ते बरोबर गव्हाच्या मागे लावतात. तयार आट्याची पिशवी आणता येते, मुलगी तेच करते, पण मला चक्कीच्या कोमट कणकेची सवय आहे आणि ही एक गोष्ट मला सोडायची नव्हती.

सगळ्यात अवघड काय गेलं असेल तर मागणं. पाव किलो मागायची मला लाज वाटायची. वीस वर्षं त्याच भाजीवाल्या मावशींकडून घेऊन राहिली होती, त्यांना माहीत की ही बाई अर्ध्या किलोच्या खाली घेत नाही. सप्टेंबरमधला एक रविवार, मी म्हटलं, "मावशी, भेंडी पाव द्या." त्या म्हणाल्या, "पावानं काय होते ताई, अर्धा घ्या, कमी लावतो." मी म्हटलं, "नाही, आता मी एकटीच असते घरी." एवढं बोलायला मला तीन महिने लागले होते. त्यांनी तराजूतली भेंडी परत ढिगात टाकली आणि म्हणाल्या, "मंग आधी काहून नाही सांगितलं? एकटीला असं नाही घेत." आणि त्यांनी एकेक भेंडी टोक मोडून पाहत निवडायला सुरुवात केली, कट्कन मोडली ती ठेवायची, वाकली ती बाजूला. म्हणाल्या, कोवळी घ्या, कोवळी चार दिवस राहते. त्या दिवशी त्यांनी मला एकाच पिशवीत दोन गाजर, तीन शेवग्याच्या शेंगा, चार वांगे असं सगळं मिळून एका भावात लावून दिलं. मला हे माहीतच नव्हतं की असं मागता येतं. त्यांनी अजून एक सांगितलं, पाव किलोचा त्यांना राग नसतो, गर्दीच्या वेळी पाव किलो तोलण्यात वेळ जातो त्याचा असतो. म्हणून मी आता आठच्या आत जाते, तेव्हा त्या निवांत असतात, माल पण ताजा असतो.

पत्ताकोबी आणि कोहळ्याचं मात्र पाव किलोने जमत नाही. खालच्या मजल्यावर एक रिटायर झालेल्या बाई राहतात, त्याही एकट्या. आम्ही दोघी आता गड्डा अर्धा अर्धा करतो. एका रविवारी त्या आणतात, एका रविवारी मी. मेथीच्या जुडीचंही तसंच. सुरुवातीला पैशांवरून दोघींनाही संकोच व्हायचा, मग ठरवलं की ज्याची पाळी त्याने द्यायचे, हिशेब नाही.

त्याच सप्टेंबरची 23 तारीख नागपूरकर विसरणार नाहीत. शनिवारची पहाट, काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीच्या काठच्या वस्त्यांत लोकांच्या घरात पाणी शिरलं. आमच्या भागात घरात पाणी आलं नाही, ज्यांच्याकडे आलं त्यांच्यापुढे माझं काहीच नुकसान नाही, पण लाइट दिवसभर नव्हती आणि रात्रीही नव्हती. मी तेव्हा नवीनच एक गोष्ट सुरू केली होती, रविवारी कांदा-खोबरं-खसखस-आलं-लसूण भाजून वाटण करायचं आणि बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवायचं, दोन तुकडे टाकले की एकीचा रस्सा होतो. ते सगळं विरघळून आंबलं. दूध गेलं, दही गेलं. आणि घरात बिनफ्रिजचं काय आहे म्हणून पाहिलं तर पोहे आणि अर्धी वाटी बेसन.

तेव्हापासून एक डब्बा वेगळा आहे. त्यात मुंगवड्या, सांडगे, बेसन, पोहे, जवसाची चटणी, थोडी चिंच, शेंगदाणे. दोन दिवस काहीही झालं तरी यातून जेवण होतं. मुंगवड्या थोड्या तेलात परतायच्या, कांदा, तिखट, पाणी, आणि लागला तर एक आलू, वीस मिनिटांत रस्साभाजी. जवसाची चटणी मी आता महिन्याला एक वाटीच करते, ताजी, कारण जवस भाजून कुटलं की लवकर खवट होतं. वाटणही परत सुरू केलं, पण आठवड्यापुरतंच.

किराण्याचीही तीच कथा. आमचं वर्षानुवर्षं इतवारीच्या ठोक बाजारातून सहा महिन्यांचं भरलं जायचं, तांदळाचा कट्टा, डाळी, भिवापुरी मिरची आणून तिखट कुटायचं. दिवाळीआधी मी सवयीने मेट्रोने सुभाष नगरहून चितार ओळीला उतरून इतवारीत गेली आणि थोडं म्हणता म्हणता पंधरा किलो तांदूळ घेऊन आली, भाव बराच कमी होता ना. फेब्रुवारीत त्यात पोरकिडे झाले. रविवार अख्खा निवडण्यात आणि उन्हात घालण्यात गेला. तेव्हा कळलं की एकट्याला स्वस्त म्हणजे जे संपतं ते. आता तांदूळ दोन किलो, तूर डाळ एक किलो, बाकी डाळी अर्धा अर्धा किलो, गल्लीच्या दुकानातून. इतवारीला अजूनही जाते, पण फक्त मिरची, खोबरं आणि खसखशीसाठी, आणि तो बाजार पाहायला मला आवडतो म्हणून.

एक गोष्ट मी शेवटपर्यंत चुकत होती, ती म्हणजे ह्यांचं येणं. हे एक आड एक शनिवारी चंद्रपूरहून येतात. ते येणार म्हटलं की माझा हात परत मोकळा सुटायचा, सगळ्या भाज्या, पाटोडीचा रस्सा, वडाभात, आणि ते सोमवारी पहाटे गेले की फ्रिजमध्ये चार डबे. मंगळवारपर्यंत मी ते शिळं खाऊन राहायची आणि माझा क्रम सगळा मागे. बोलायला कसंतरी वाटलं पण एकदा सांगितलं त्यांना. ते म्हणाले, अगं मी तिथे मेसमध्ये रोज तीन भाज्या खातो, मला इथे फक्त वडाभात दे. आता गुरुवारी फोन करून एकच पदार्थ ते सांगतात, एक मी ठरवते, बस्स. वडे मी संख्येने करते, आठ.

हिवाळ्यात एकट्याचं सगळ्यात छान जमतं. तुरीच्या ओल्या शेंगा येतात, त्यांचे सोले, सोलेवांगे, सोलेभात. किलोभर शेंगांतून साधारण निम्म्याच्या आत दाणे निघतात, ते सोलत बसायला एकटीला कंटाळा येतो म्हणून रविवारी दुपारी मुलीला व्हिडिओ कॉल लावते आणि सोलते, ती तिकडे तिचे कपडे घड्या करते. दाणे थोडे वाफवून अर्धे गोठवते. संत्री मात्र डझनाने घेत नाही, चार घेते.

उन्हाळ्यात हे सगळं बदलावं लागतं. 44-45 अंशांत रविवारी आणलेली भाजी बुधवारी मान टाकते, मुगाला आठ तासांतच मोड येतात आणि बारा तासांत चिकट होऊन वास मारतात, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये मी दोनदा बाजार करते, रविवारी आणि बुधवारी संध्याकाळी ऑफिसमधून येताना ठेल्यावरून. स्वयंपाक सकाळी साडेसहाला, तेव्हाच किचनमध्ये उभं राहवतं. रात्री ताक-भात, कांदा, कुरोड्या.

खर्चाचं विचारणाऱ्यांसाठी, 2023 च्या जुलैमध्ये भाजी-किराणा-बाहेरचं मिळून माझा एकटीचा पाच हजाराच्या वर खर्च होता, 2024 च्या जुलैमध्ये तीन हजाराच्या जरा आत. फेकलेलं त्या महिन्यात एकूण पाव किलोही नव्हतं.

दुधाचं अजून बसत नाही. अर्धा लिटर रोज एकटीला जास्त होतं, एक दिवसाआड घेतलं तर कमी पडतं. सध्या रोज घेऊन उरलेल्याचं दही लावते, पण थंडीत एवढुशा दुधाचं दही लागतच नाही, भांडं लगेच गार होतं. खालच्या बाईंनी सांगितलं, कोमट असतानाच विरजण लाव आणि भांडं कणकेच्या डब्यात रोवून ठेव. काल रात्री ठेवलं होतं. आज सकाळी काढलं, लागलेलं आहे, चमच्याने कापलं तर कड सरळ राहिली.